आजारी मुलाचे बिऱ्हाड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत जलसिंचन, शेतमजुरांचे किमान वेतन, रोजगार हमी असे विषय असताना लहान मुलांच्या कर्करोगासाठी एक तास राखून ठेवलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. हा विषय डॉक्टरांच्या परिषदेतला आहे, असे सकाळी चहाच्या वेळी एकाने मला बोलूनही दाखविले. मी डॉक्टर नाही. मुंबईतील एका शाळेत मी आयुष्यभर शिक्षक होतो आणि निवृत्तीनंतरची वर्षे परळच्या रुग्णालयांभोवती उतरणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांची लहानसहान कामे करण्यात घालविली. अर्ज लिहून देणे, रक्तदाते शोधणे, खोली पाहून देणे, मुलांना गोष्टी सांगणे, हे माझे काम. म्हणून रोगाविषयी मी थोडेच बोलेन. रोग झालेल्या मुलाच्या मागे जे बिऱ्हाड असते, त्याच्याविषयी बोलणार आहे. तास संपेपर्यंत हा विषय किमान वेतनाच्या विषयापासून फार दूरचा आहे असे आपणांस वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

प्रारंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड कामगार जोडपे आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईस आले. जालन्यापर्यंत एस. टी. आणि तेथून देवगिरी एक्स्प्रेस, असा त्यांचा प्रवास. मुलगी फिकट पडली होती, ताप हटत नव्हता, अंगावर काळेनिळे डाग उठत होते. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी दोन-अडीच वर्षांचा उपचार सांगितला आणि मूल बरे होण्याची चांगली आशा आहे, असेही सांगितले. पहिले काही महिने आईबापांनी जिवाचे रान केले. मुलीचे केस गेले, तोंड आले, दोनदा रक्तदोषाचा ताप आला, आणि त्या सर्वांतून ती तरली. नंतर गोळ्यांचा टप्पा आला. रोज घरी गोळ्या द्यायच्या आणि महिन्यातून एकदा मुंबईस येऊन तपासणी करायची. मुलीच्या डोक्यावर पुन्हा केस आले. ती जिन्यावरून उड्या मारू लागली. दिवाळीला कुटुंब गावी गेले आणि परत आले नाही.

मी दूरध्वनी केला. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा बाप सापडला तेव्हा मी त्याला शाळेतल्या पोरासारखा रागे भरलो. मुलीच्या जिवाची काही पर्वा आहे की नाही, असे विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "गुरुजी, मागल्या साली तिची माय तिकडंच राहिली. अर्ध्या कोयत्यावर उचल फिटंना. आवंदा दोघांनाबी यावंच लागलं."

आपणांपैकी मराठवाड्यातील मंडळींना याचा अर्थ सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वी मुकादम जी उचल देतो, ती या जोडीच्या श्रमावर. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची, गाडी भरायची. बायको आजारी मुलीपाशी मुंबईत बसली की कोयता मोडतो, आणि अंगावर घेतलेली उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर जाऊन बसते. त्या बापाला मुलीची पर्वा नव्हती, असे नाही. मुलगी डोळ्यांसमोर खेळत होती आणि मुकादम दारात उभा होता. अशा वेळी माणूस कोणाचे ऐकतो, याचा आपण आपल्याशी विचार करावा.

चार महिन्यांनी हंगाम संपल्यावर ते परत आले. रोग उलटला होता. पुढच्या ज्येष्ठात मुलगी गेली. आईबापांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु ज्या माणसाला पैशाची आणि माणसांची मदत हवी होती, त्याला मी उपदेश केला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आजचे माझे भाषण त्या चुकीची एक प्रकारे भरपाई समजा.

आता थोडे रोगाविषयी. कर्करोग म्हणजे मरण, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजली आहे की मुलाचा कर्करोग बरा होतो, हे सांगितले तरी लोकांना ते सांत्वनाचे खोटे बोलणे वाटते. मुलांचे कर्करोग मोठ्यांच्या कर्करोगांहून निराळे असतात. तंबाखूसारखे कारण त्यांच्या मागे नसते, आणि औषधांना ते अधिक चांगली दाद देतात. १९४८ साली सिडनी फार्बर या अमेरिकन डॉक्टरने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना एक औषध देऊन त्यांचा रोग काही काळ मागे हटविल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे संशोधन भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. आपल्या अंगणात, तुळशीच्या शेजारी, जी सदाफुली फुलते, तिच्यापासून व्हिंक्रिस्टीन नावाचे औषध निघाले आणि १९६० नंतरच्या दशकात ते मुलांच्या उपचारात रूढ झाले. १९८०च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि मद्रास येथील संस्थांनी रक्ताच्या कर्करोगासाठी एक समान उपचारपद्धती अवलंबिली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या आपल्याही देशात वाढू लागली.

आज जगातील स्थिती अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे चार लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण शेकडा तिसाच्याही खाली आहे. २०१८ साली त्या संघटनेने एक जागतिक उपक्रम जाहीर केला. २०३० पर्यंत जगभर निदान शेकडा साठ मुले तरी वाचावीत, एवढे माफक उद्दिष्ट तिला त्यात ठेवावे लागले.

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते कशाने पडते? रक्ताच्या कर्करोगावरील बरीचशी मूळ औषधे जुनी आहेत, ती आपल्या देशात तयार होतात, आणि आपल्याकडे हा रोग उत्तम जाणणारे डॉक्टरही आहेत. अंतर पडण्याची कारणे अनेक आहेत. निदान उशिरा होते. आधीच कुपोषित असलेल्या मुलाला उपचार सोसत नाही. जंतुसंसर्गाने मूल दगावते. आणि या सर्वांच्या जोडीला एक कारण असे आहे की जे औषधाच्या बाटलीत सापडत नाही. उपचार अर्धवट सुटतो. मुलांच्या कर्करोगाचे तज्ज्ञ त्याची व्याख्याही करतात. बरे करण्याच्या हेतूने सुचविलेला उपचार सुरूच न करणे, किंवा त्यात सलग चार आठवडे वा अधिक काळ खंड पडणे, याला ते उपचार सोडणे म्हणतात.

या सोडण्याचे खापर आपण अज्ञानावर फोडतो. अडाणी आईबाप, भगताच्या नादी लागले, मूल बरे दिसताच पळून गेले, असे सुशिक्षित माणूस सहज बोलून जातो. भगताकडे जाणारे असतात, ते मी नाकारत नाही. पण माझ्या पाहण्यात जी कुटुंबे गेली त्यांतील बहुतेकांना उपचाराचे महत्त्व पुरते कळले होते. कळूनही त्यांच्याने ते निभेना, असा तो प्रकार होता. म्हणून त्यांच्या खर्चाकडे जरा बारकाईने पाहू.

उपचाराच्या खर्चाची सोय आता काही अंशी झाली आहे, हे कबूल केलेच पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने जी आरोग्य योजना सुरू झाली तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ साली शासनाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला. केंद्राची योजना २०१८ पासून आहे. कागदपत्रे जमविताना कुटुंबाची दमछाक होते, शिधापत्रिकेवर मुलाचे नाव नसते, मंजुरी यायला दिवस लागतात. तरीही पूर्वी ज्या औषधांसाठी जमीन विकावी लागे ती आज अनेकांना जमीन न विकता मिळतात. मुख्यमंत्री निधी, पंतप्रधान निधी, खाजगी विश्वस्त निधी हेही आहेत.

पण ही योजना रुग्णालयाच्या दारात संपते. दाराबाहेरचा खर्च पाहा. मुलापाशी आई राहते, म्हणजे तिची मजुरी गेली. बाहेरची धावपळ बाप करतो, म्हणजे त्याचीही गेली. दोघे मिळवते थांबले आणि खर्च दोन ठिकाणचा झाला, एक गावातला आणि एक मुंबईतला. मुंबईत खोलीचे भाडे, ते न परवडल्यास पदपथ. रिक्षा-टॅक्सी, कारण रक्तातील पेशी उतरलेल्या मुलाला गर्दीच्या लोकलमध्ये नेता येत नाही. दूध, अंडी, फळे. गावी मागे राहिलेल्या भावंडांचे खाणे आणि शाळा. बैल विकला तर पुढच्या पेरणीचे भाडे. यांतील कोणतीही रक्कम कोणत्याही आरोग्यपत्रावर भरून मिळत नाही. सावकाराच्या वहीत मात्र ती नोंदली जाते.

राहण्याचा प्रश्न सोयीचा आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो उपचाराचाच भाग आहे. या औषधांनी शरीराची रोगाशी लढण्याची शक्ती काही दिवस फार उतरते. अशा दिवसांत ताप आला तर मुलाला तासाभराच्या आत प्रतिजैविक मिळावे, असे डॉक्टर सांगतात. जे कुटुंब कल्याणपलीकडे कोणा नातलगाच्या खोपटात उतरले आहे, त्याने हा तास कसा गाठावा? ताजे शिजविलेले अन्न द्या, पाणी उकळून द्या, मूल स्वच्छ ठेवा, असे आईला सांगितले जाते. जी बाई पदपथावर निळ्या प्लास्टिकच्या आडोशाला राहते, जिला चूल पेटवू दिली जात नाही आणि स्नानासाठी सार्वजनिक स्वच्छतागृहात पैसे मोजावे लागतात, तिने हे कसे पाळावे? तिच्या हातून ते घडले नाही की मूल तापाने दगावते आणि नोंद होते ती जंतुसंसर्गाची.

परळ भागाविषयी येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उभे राहिले तेव्हा भोवती गिरण्यांची वस्ती होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून आलेल्या रुग्णाला गिरणगावातील एखाद्या चाळीत गावकीची खोली सापडे. दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे कामगार जिथे पाळीपाळीने झोपत, तिथे गावाकडून आलेल्या आजाऱ्यालाही हातभर जागा निघे. खानावळवाली बाई एक डबा वाढवून देई. रक्त हवे असले तर खात्यातले दोघे-चौघे येत. ही व्यवस्था गरिबांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन उभारलेली होती. तिला ना शासनाचा आधार होता ना कोणा दात्याचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चाळी मोडल्या, माणसे विरार-बदलापूरकडे फेकली गेली. रुग्णालय तिथेच राहिले आणि रुग्णांची संख्या वाढली, पण त्यांना पोटात घेणारी वस्ती नाहीशी झाली. आज गिरण्यांच्या जागी जे मनोरे उभे आहेत त्यांच्या पायथ्याशी ही बिऱ्हाडे पसरलेली दिसतात.

त्या वस्तीची जागा काही प्रमाणात धर्मादाय संस्थांनी भरून काढली आहे, आणि त्यांच्याविषयी मी कृतज्ञतेनेच बोलेन. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधविल्या त्या यात्रेकरूंसाठी. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांना नातलगांसह अल्प दरात आसरा मिळतो. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांत मुलाच्या उपचारकाळात कुटुंबाला विनामूल्य जागा, शिधा आणि सामाईक स्वयंपाकघर मिळते. तिथे आई आपल्या हाताने, आपल्या चवीचा स्वयंपाक करते. बिहारच्या बाईची भाजी आणि बंगालच्या बाईचा भात शेजारीशेजारी शिजताना मी पाहिला आहे. चार महिने पदपथावर गप्प असलेली बाई त्या शेगडीपाशी बोलती होते.

अशा मदतीचा परिणाम मोजलाही गेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या बालरोग विभागाने राहणे, पोषण, रक्त, समुपदेशन आणि पैसा या सर्वांची एकत्र व्यवस्था लावली आणि जे मूल ठरल्या तारखेला आले नाही त्याच्या घरी चौकशी करण्याचा शिरस्ता घातला. २००९ साली तेथे शेकडा वीस मुलांचा उपचार नाकारला वा सोडला जात असे. काही वर्षांत हे प्रमाण सुमारे शेकडा पाचांपर्यंत खाली आले. आईबाप तेच, त्यांची गरिबी तीच, त्यांचे शिक्षणही तेवढेच. बदल झाला तो त्यांच्या भोवतालच्या आधारात. अज्ञानाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या आकड्यांचा खुलासा करावा.

पैशाच्या पलीकडेही काही आहे, ते थोडक्यात सांगतो. मुलाला हा रोग का झाला, याचे उत्तर बहुतेक वेळा वैद्यकशास्त्रापाशी नसते. घरात मात्र उत्तर तयार असते आणि ते आईच्या माथी मारले जाते. गरोदरपणी हिने अमुक खाल्ले, ग्रहण पाळले नाही, हिच्या माहेरचीच खोड. हे सारे निराधार आहे. रोग संसर्गजन्य नाही, तरी गावात शेजारी आपली मुले त्या अंगणात पाठवीत नाहीत. मागे राहिलेल्या भावंडाकडे कोणाचे लक्ष नसते. मी सांगितलेल्या मुलीचा थोरला भाऊ आजीपाशी राहिला होता. त्या वर्षात त्याची शाळा सुटली ती सुटलीच. आणि आजारी मुलाला सर्व कळत असते. त्याच्यापाशी खोटे बोलू नये. सुई दुखेल, पण आई हात धरून बसेल, एवढे खरे सांगितले तरी त्याला धीर येतो.

आणखी एक गोष्ट आपण शरमेने ऐकावी अशी आहे. आपल्या देशातील रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारासाठी पोहोचणाऱ्या मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच अधिक असते आणि शरीरभेदाने तिचा पुरता खुलासा होत नाही. काही मुली घरीच राहतात. गाडीभाडे एकदाच परवडणार असेल तेव्हा ते कोणासाठी काढायचे, याचा निर्णय घरात कसा होतो, हे आपण जाणतो. मघाच्या जोडप्याने मुलीसाठी अर्धा कोयता पत्करला होता. त्यांच्याकडे या दृष्टीनेही पाहा.

आता मागणीचा मुद्दा. मुलाच्या उपचारकाळात कुटुंबाच्या चरितार्थाची जबाबदारी समाजाने घेतली पाहिजे आणि ती दानाच्या नव्हे, हक्काच्या स्वरूपात घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. धर्मादाय संस्थेत जागा असेल तर मिळते आणि नसेल तर मिळत नाही. तिच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला आपली गरिबी सिद्ध करावी लागते. हक्काचे तसे नसते.

ही कल्पना अपूर्व आहे असे समजू नका. क्षयरोग्याला उपचारकाळात पोषणासाठी दरमहा पैसे देण्याची योजना केंद्र सरकारने २०१८ साली सुरू केली. पाचशे रुपयांची ती रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाली. रक्कम अपुरी आहे, पण तत्त्व मान्य झाले. उपचार पुरा व्हायचा तर रोग्याच्या घरात अन्न हवे, हे शासनाने स्वीकारले आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला मुलाच्या संगोपनासाठी, आजारपणासाठी, सेवाकाळात ७३० दिवसांची भरपगारी रजा घेण्याची तरतूद २००८ साली झाली. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या कर्मचारी स्त्रियांना १८० दिवस दिले. या रजेचे मी मनापासून स्वागत करतो. ज्या मंत्रालयातील भगिनीला ती मिळते तिचेही मूल मूलच आहे. परंतु मोळी बांधणाऱ्या बाईच्या मुलीला तोच रोग झाला तर तिच्या आईला एक दिवसाचीही रजा नाही. संजय गांधी निराधार योजनेत कर्करोगामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी व्यक्ती बसते. इथे रोगी आहे चार वर्षांचा, त्याला चरितार्थ नव्हताच. चरितार्थ बुडाला आहे तो त्याच्या आईचा, आणि ती धडधाकट असल्यामुळे निकषात बसत नाही. आपल्या योजनांचे निकष एकट्या रोग्याकडे पाहतात. मुलाच्या आजारात रोगी कधी एकटा नसतो.

तेव्हा मागण्या अशा असाव्यात. मुलाच्या कर्करोगाच्या पूर्ण उपचारकाळात सोबत राहणाऱ्या पालकाला किमान वेतनाच्या प्रमाणात बुडीत मजुरी मिळावी. मोठ्या कर्करोग रुग्णालयांजवळ शासनाने वा महापालिकेने स्वयंपाकाच्या सोयीसह निवास उभारावेत; गिरण्यांच्या जमिनीच्या वाटपात जे घडले ते आपण पाहिले आहे, निदान सार्वजनिक जमिनीचा पुढचा तुकडा तरी या कामी यावा. गोळ्यांच्या टप्प्यातील तपासणी आणि साधी इंजेक्शने जिल्हा रुग्णालयात, मुख्य रुग्णालयाच्या देखरेखीखाली व्हावीत, म्हणजे महिन्याच्या महिन्याला मुंबईची वारी चुकेल. ऊसतोड कामगारांसाठी शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. मुलाच्या दुर्धर आजारात कोयता मोडला तर उचलीचा बोजा त्या महामंडळाने उचलावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आपल्यातूनच येईल. ज्या देशात जुलाबाने, न्यूमोनियाने, कुपोषणाने मुले मरतात, तिथे त्या मानाने थोड्या मुलांच्या महागड्या रोगासाठी एवढा आग्रह का? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो टाळू नये. माझे उत्तर असे. पहिली गोष्ट, जे मी मागतो आहे त्यातील बहुतेक गोष्टी, म्हणजे बुडीत मजुरी, जवळचा निवारा आणि जिल्ह्यात उपचार, या जुलाबाने आजारी मुलाच्या आईलाही हव्या आहेत. डायलिसिसवर असलेल्या मुलाच्या आईलाही हव्या आहेत. कर्करोगाचे मूल ही गरज सर्वांत लांब काळ आणि सर्वांत उघडपणे दाखविते, एवढेच. दुसरी गोष्ट, उपचार अर्धवट सुटला तर तोवर झालेला सार्वजनिक खर्च वाया जातो. पाच लाखांची मंजुरी देणारे शासन खोलीभाड्याच्या चार हजारांसाठी मूल गमावते, हा काटकसरीचा नमुना नव्हे. आणि तिसरी गोष्ट, कोणते मूल वाचवायचे याची निवड गरिबांच्या दोन मुलांमध्ये करावयास लावणारी मांडणीच मला मान्य नाही.

मागण्या मंजूर होण्यास वर्षे लागतील. मुलांना तेवढी सवड नाही. म्हणून उद्यापासून आपण काय करू शकतो, तेही सांगतो.

ज्या गावातून मूल उपचारासाठी मुंबई, पुणे, नागपूर येथे गेले असेल, त्या गावातील शाखेने त्याची नोंद ठेवावी. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला, बांधकाम कामगार असल्यास मंडळाची नोंदणी, ही कागदपत्रे तलाठ्याकडे खेटे घालून तुम्ही काढून द्या. आईबापांना त्यासाठी गावी यावे लागू नये. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला पाऊण सवलत आहे, एस. टी. तही सवलत आहे. पुष्कळांना ती ठाऊक नसते. मागे राहिलेल्या भावंडाला शाळेत टिकवणे हे तुमच्यातील शिक्षकांचे काम. मुंबईतील मित्रांनी रक्तदात्यांच्या याद्या करा. रक्तातील बिंबिका काढल्यापासून पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. वर्षातून एकदा पुढाऱ्याच्या वाढदिवशी भरविलेल्या शिबिराने त्यांची गरज भागत नाही, दर आठवड्याला दोन माणसे आली तर भागते. पैसे देणार असाल तर निमूटपणे द्या. मुलाचे छायाचित्र छापून वर्गणी गोळा करू नका. अंगणवाडी सेविकांच्या सभेत सांगा की बाहुलीत पांढरी चमक दिसणारा डोळा, न हटणारा ताप आणि फिकटपणा, कारणावाचून उठणारे काळे डाग, वाढत जाणारी गाठ, हाडांचे दुखणे, यांपैकी काही दिसल्यास मुलाला वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे.

आणि उपचार सोडून गावी परतलेले कुटुंब आढळले तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. प्रथम त्याचे देणे किती आहे ते विचारा. मुकादमाशी, सावकाराशी, सोसायटीशी बोलण्याची वेळ आली तर त्यांच्या बाजूने तुम्ही बोला. उपदेश सर्वांत शेवटी करा. बहुधा त्याची गरज पडणार नाही.

प्रत्येक मूल वाचेल, असे मी सांगत नाही. उत्तम उपचार, उत्तम निवारा मिळूनही काही मुले जातात, आणि अशा वेळी त्या आईबापांना एकटे न सोडणे, मुलाच्या वेदना कमी होतील असे पाहणे आणि नंतरच्या पंधरवड्यात गावी जाऊन भेटून येणे, हेही याच कामात मोडते. पण जे मूल बरे होऊ शकत होते ते उचल फिटली नाही म्हणून गेले, असे पुन्हा घडू नये. गेल्या हंगामात मला एका बापाचा दूरध्वनी आला. मुलाची तारीख जवळ आली होती आणि तोडीवरून निघता येत नव्हते. त्याच्या तालुक्यातील दोन कार्यकर्ते फडावर गेले, मुकादमाला भेटले, आणि आठ दिवस त्याच्या गाडीवर पाळीपाळीने मोळ्या भरायला उभे राहिले. आई मुलाला घेऊन वेळेवर मुंबईस पोहोचली. त्यांतील एकजण आज येथे बसला आहे. नाव सांगू नका, असे त्याने मला बजावले आहे. त्याच्या हातांवरचे उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून बुजलेले नाहीत.